माझा नंबर दुसऱ्याचा झाला तो माघ

शकूताईचं नाव आधी लिहितो. पेणला, रामवाडीत, हायवेच्या कडेला तिचा पिवळा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला. त्या पायाला कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या, आणि आवाज असा की बाहेर ट्रक उभा असला तरी आतलं ऐकू यावं. अपंगांच्या कोट्यातून तिला तो बूथ मिळाला होता. ती माझ्या नात्यातली नाही, गावातली नाही, जातीतलीही नाही. माझं आणि तिचं नातं काचेच्या एका खोक्यापुरतं. पण आज मला घर आहे, त्या घरात बायको आहे आणि एक मुलगी मला बाबा म्हणते, ते शकूताईमुळे. हे लिहून झालं, म्हणजे आता मी रागवायला मोकळा. कारण पुढचं माझ्याच्यानं शांतपणे लिहिवणार नाही.

परवा इकडे आखातात, आमच्या कॅम्पमधला रोह्याचा एक वेल्डर सुट्टीवरून आला. येताना कडवे वाल घेऊन आला. बुधवारी आम्ही ते भिजत घातले, मग ओल्या फडक्यात बांधून एसीच्या मागच्या गरम हवेला टांगले. शुक्रवारी मोड आले. चौघं जण खाटेवर बसून सोलायला लागलो. वाल सोलताना बोटं बुळबुळीत होतात, साल निसटते, डाळिंबी चिमटीतून उडते आणि तो वास अंगठ्याच्या नखात दोन दिवस राहतो. या वासानं माणसाला भूक लागावी, घर आठवावं. मला राग येतो. इतकी वर्षं झाली, तरी वालाचा वास आला की मला तो माघ आठवतो, मोबाइल कंपनीतला काचेमागचा तो माणूस आठवतो, त्याचा इस्त्रीचा शर्ट आठवतो आणि माझ्या हातातली डाळिंबी चिरडते. वेल्डर म्हणाला, "अरे हळू. वाल काय वैरी हाय का तुजा?"

आमच्याकडे माघात खाडीकडचं आणि आतलं, असे दोन मुलूख वेगळे दिसतात. आतल्या गावांत भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकलेला असतो. सकाळच्या दवात वालाची पानं जड होतात, शेंगा टरारतात आणि बांधावरच्या भांबुर्डीचा उग्र वास येतो. आमचं गाव खाडीकडचं. आमच्याकडे माघात मीठ पिकतं. वडील मिठागरात होते. उन्हात पाणी आटतं, वर पांढरी साय धरते, ती लाकडी फावड्यानं ओढून कडेला आणायची. आठवीतनं शाळा सुटली ती या फावड्यासाठी. मास्तर घरी आले होते, म्हणाले, "पोरगा वाचतो बरा." वडील म्हणाले, "वाचून मीठ वर येतं व्हय?" मास्तर हसले आणि गेले. मला त्या वेळी आनंदच झाला होता, शाळा सुटली म्हणून. तेव्हा मला काय माहीत, की एक दिवस एका कागदावरचा इंग्रजी मजकूर वाचता न आल्यामुळे माझा संसार मोडायला निघेल.

मिठागरातून रोह्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो. तिथंच जवळच्या निडी गावचा हरी माझ्या शिफ्टला होता. त्याच्या डब्यात माघात रोज वालाचं बिरडं. अर्धं मला द्यायचा. त्याच्या बहिणीशी, सुनंदाशी, माझं लग्न झालं. बिरडं तिनं केलेलं असायचं हे मला नंतर कळलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी आखातात आलो. कुठल्या देशात ते लिहीत नाही, अजून तिथलंच मीठ खातो आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरापासून सर्वांत जवळचा फोन शकूताईचा, आणि निडीला सुनंदाच्या माहेराहून सर्वांत जवळचा फोन रोह्याला.

मोबाइल घेणारा आमच्या गावातला मी पहिला. तो घेतला त्यामागे ऐट नव्हती, भीती होती. सुनंदाला दिवस गेले होते आणि मला सारखं वाटायचं की काहीतरी होईल आणि मला कळणार नाही. मी आहेच तसा. गॅस बंद केलाय का, ते बघायला तीनदा उठणारा. पण नवीन देशात मोबाइलची लाइन घ्यायची तर पासपोर्ट दाखवा. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. कंपनीचं पत्र आणा. कंपनी म्हणते, हेल्परला मोबाइल कशाला? शेवटी आमच्या खोलीतला थॉमस, केरळचा, बारा वर्षं तिथं काढून आता कायमचा घरी निघालेला माणूस, त्यानं आपल्या नावावरची लाइन आणि आपला जुना जाडजूड हँडसेट मला दिला. म्हणाला, "भाई, मैं तो अब फायनल जा रहा है. तुम ये फॉर्म भरके लाइन अपने नाम पे कर लेना. भूलना मत."

तो फॉर्म मी ट्रंकेत ठेवला. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. अक्षरं मला लागत होती, अर्थ लागत नव्हता. कोणाला तरी विचारायला हवं होतं. खोलीत दोघं बारावी शिकलेले होते. पण मोबाइल आल्यापासून खोलीत माझी जरा पत वाढली होती, सगळे "महेशभाई" म्हणायला लागले होते. आता यांच्यापुढे कागद धरून "जरा वाचून सांगता का" म्हणायचं? उद्या विचारू, परवा विचारू. मी कंपनीवर, त्या देशावर, त्या काचेवर जेवढा रागावलो आहे त्याच्या दुप्पट मी या उद्या-परवावर रागावलो आहे.

घरी नंबर कळवला तेव्हा आईनं काय केलं असेल? गावातला एक जण पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा, डोळे रेखायचा. त्याला बोलावून तिनं दाराच्या चौकटीवर माझा नंबर सोनेरी रंगात काढून घेतला. वर ॐ, खाली नंबर. येणाराजाणारा वाचायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं ते बोट लावून बघायचे. "हा मयशाचा लंबर," आई सांगायची, जसं काही मीच तिथं दारात उभा आहे.

आमची रीत ठरली होती. बूथवरून परदेशी बोलायचं तर मीटर पळतो, पण नुसती घंटी वाजवून ठेवली तर पळत नाही. म्हणून दर शुक्रवारी दुपारी सुनंदानं एक घंटी द्यायची. एक घंटी म्हणजे सगळं ठीक. तीन घंट्या म्हणजे काहीतरी आहे, मी बूथवर फोन करायचा. शकूताई आधी चिडायची. "गो सुनंदा, फुकटातला नवरा बरा मिळालाय तुला. माझ्या बूथला काय देऊळ समजलात? घंटी वाजवली, निघाले!" पण दर शुक्रवारी चार वाजता ती लाइन सुनंदासाठी मोकळी ठेवायची. मी इकडे सुट्टीच्या दिवशी खाटेवर फोन छातीवर ठेवून पडलेला. घंटी वाजायची, छातीत थरथरायचं, थांबायचं. मग मी झोपायचो. सातव्या महिन्यात सुनंदा निडीला माहेरी गेली. तिथून दर शुक्रवारी रोह्याला डॉक्टरकडे जायची आणि तिथल्या बूथवरून घंटी द्यायची. घंटी तीच, थरथर तीच. निडीहून आली की पेणहून, फोनला काय कळतंय.

त्या माघात आम्हाला एकाएकी वाळवंटात पाइपलाइनच्या कामावर हलवलं. दोन दिवसांचं काम म्हणाले. पाच आठवडे झाले. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. मी पाण्याच्या टाकीवर चढायचो, पाइपांच्या ढिगावर चढायचो, फोन डोक्याच्या वर धरून गोल फिरायचो. खालून सगळे हसायचे. "महेशभाई, देव भेटला की सांगा." कॅम्पच्या ऑफिसात बिनतारी संच होता. मी तिथल्या साहेबापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, माझ्या बायकोचे दिवस भरलेत, एकदा फक्त निरोप. तो म्हणाला, "पर्सनल नाही." एवढंच. मान वरदेखील केली नाही. त्याच्या टेबलावर त्याच्या मुलांचा फोटो होता. त्या फोटोची फ्रेम मी अजून विसरलेलो नाही.

शहरात परत आलो तो शुक्रवार होता. ट्रकमधून उतरलो तेव्हा फोन चालू होता, बॅटरी भरलेली, पण पडद्यावर रेंजच्या जागी काही नाही. बंद केला, चालू केला, कार्ड काढून शर्टाला पुसून घातलं. काही नाही. अंघोळसुद्धा न करता मोबाइल कंपनीच्या ऑफिसात गेलो, ते सुट्टीच्या दिवशीही उघडं असायचं. कपड्यांवर पाच आठवड्यांची धूळ, आत एसी असा की धुळीवर काटा यावा. टोकन घेतलं. माझा नंबर पुकारला गेला. मला आजही त्या शब्दाचा संताप येतो. माझा नंबर!

काचेमागचा माणूस फार नम्र होता. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं नंबर टाइप केला, पडद्याकडे बघितलं.

"सर, आप थॉमस हैं?"

"नहीं. थॉमस इंडिया गया."

"तो थॉमस को लाइए, सर."

"थॉमस फायनल गया. फोन मेरा है. मेरे पास है, ये देखो."

"फोन आपका है, सर. नंबर थॉमस का था. उसका वीजा कैंसल, तो लाइन कैंसल. नंबर दूसरे कस्टमर को दे दिया."

"किसको?"

"वो नहीं बता सकते, सर."

महिनाभरात. महिनाभरात त्यांनी माझा नंबर धुऊन, पुसून दुसऱ्याला दिला. कोणाला विचारलं नाही, एक कागद पाठवला नाही. आणि पाठवणार कुठं? त्यांच्या यंत्रात मी नव्हतोच. माझ्या दाराच्या चौकटीवर सोनेरी रंगात जो मी होतो, तो त्यांच्या यंत्रात कधी नव्हताच. मी काच ठोकली. इतकी जोरात नाही, पण ठोकली. दोन शिपाई आले, त्यांनी मला हाताला धरून बाहेर उन्हात आणून सोडलं. तेही नम्रच होते.

बाजारात कार्डावर चालणारे सार्वजनिक फोन होते. त्यातल्या एकावरून मी आधी काय केलं असेल? मी माझाच नंबर लावला. का ते मला विचारू नका. वाटलं असेल की वाजला तर माझ्याच खिशात वाजेल. एक घंटी वाजली. माझा खिसा गप्प. आणि एक बाई म्हणाली, "हैलो?" मी फोन ठेवून दिला. माझ्याच घराचं दार मी वाजवावं आणि आतून परक्या माणसानं "कोण आहे" विचारावं, तसं झालं.

मग रामवाडीला लावला. शकूताईनं आवाज ओळखला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "मेलास का जिवंत आहेस ते आधी सांग."

"ताई, माझी लाइन..."

"लाइन गेली चुलीत. मुलगी झाली तुला. आज दहावा दिवस. दोघी बऱ्या आहेत."

मी तिथं बाजारात, ऊन डोक्यावर, फोनच्या खांबाला टेकून खाली बसलो. फोनची वायर तेवढी लांब नव्हती, म्हणून पुन्हा उठलो. तोवर ती बोलतच होती, आणि पुढचं ऐकून मुलगी झाल्याचा आनंद माझ्या हातात पाच मिनिटंही राहिला नाही.

झालं होतं असं. सुनंदा माहेरी गेल्यापासून मी शुक्रवारी आईसाठी बूथवर फोन करायचो, तो आला नाही म्हणून शकूताईनं सुरुवातीला दोनदा माझा नंबर लावून पाहिला, तेव्हा तिला नुसती टेप ऐकू आली. रेंज नसेल, असं तिनं आईला सांगितलं. तिकडे सुनंदा दर शुक्रवारी रोह्याहून नंबर लावत होती, आधी तिलाही टेपच ऐकू आली. आणि बाळंतपणाच्या आधीच्या दोन शुक्रवारी घंटी पुरती वाजायच्या आत एका बाईनं फोन उचलला. सुनंदानं ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा तीच. तिनं कोणाला सांगितलं नाही. बाळंत झाल्यावर स्वतःच्या आईपुढे रडली. मग हरीनं स्वतः नंबर लावला, बाईचा आवाज ऐकला, शिवी हासडली आणि दुसऱ्या दिवशी चुलत्याला घेऊन मोटारसायकलवर आमच्या दारात. आईला म्हणाला, "तुमच्या पोरानं तिकडं बाई ठेवलीय. हा लंबर आधी पुसा." आणि चौकटीवरचा सोनेरी नंबर तो नखानं खरवडायला लागला. आई आडवी आली. म्हणाली, "माज्या दाराला हात लावू नको रं." तो जाताना सांगून गेला, "बारसं रविवारी हाय. तुमच्याकडनं कोणी यायचं नाय. आत्या नको, कोण नको. पोरीला नाव आम्ही ठेवू, आणि पोर आमच्याकडंच राहील."

ज्याला आमच्याकडचं माहीत आहे त्याला मी काय सांगू? बारशाला नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून कानात कुर्र करते, बायका तिच्या पाठीत धपाधप मारतात, मग नाव सगळ्यांना कळतं. आत्या नको म्हणजे बाप नको. ते मूल बापाचं नाहीच, असं चार गावांपुढे सांगायची ती रीत आहे. सोडचिठ्ठीचा कागद लागत नाही.

आई लाजेनं दोन दिवस कोणाला बोलली नव्हती. बूथच्या बाकड्यावर येऊन नुसती बसायची, फोनकडे बघत. त्या सकाळी शकूताईनं तिच्याकडून एकेक शब्द काढून घेतला होता.

"ताई," मी म्हटलं, "सुनंदाला रोह्याच्या बूथवर बोलवा. मी आत्ता लावतो. माझा आवाज ऐकला की..."

"डोकं ठिकाणावर आहे का? दहा दिवसांची बाळंतीण. उंबरा ओलांडेल का ती? तिच्या घरी फोन नाही आणि ती फोनपर्यंत येणार नाही."

"मग हरीला..."

"हरी येतोय होय, तुझं ऐकायला! तुझं म्हणणं काय ते सांग. मी लिहून घेते. नीट सांग."

मी सांगायला लागलो. की मी अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी कामावर होतो आणि सदर मोबाइल बंद असल्याकारणाने... शकूताईनं मध्येच तोडलं. "बायकोला सांगतोयस का तलाठ्याला अर्ज करतोयस? माणसासारखं बोल."

मी माणसासारखं बोलायचा प्रयत्न केला. पाच आठवडे टाकीवर चढून काय काय म्हणायचं ठरवलं होतं, त्यातलं एक आठवेना. शेवटी म्हटलं, तिला सांगा, बारशाला पाटावर फार वेळ बसू नको, तिला पाठीचा त्रास आहे, मागे उशी घे. सांगा की नाव तिच्या मनातलंच ठेव, पण वनीच्या तोंडून. वनी म्हणजे वनिता, माझी धाकटी बहीण. तिकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता. मग शकूताई म्हणाली, "बास. हे चालेल."

रविवारी इकडे आखातात कामाचा दिवस. मी पाइप उचलत होतो. आमच्याकडच्या वेळेनं आता गाडी पेणहून सुटली असेल, आता कासू, आता नागोठणं. मला वाटत होतं शकूताई वनीच्या हाती चिठ्ठी देईल, नाहीतर कोणाला तरी पाठवेल. ती स्वतः गेली होती. बूथला कुलूप लावून, कॅलिपर बांधून, वनीला घेऊन.

निडी हे लहान स्टेशन. गाडी मिनिटभर थांबते. फलाट इतका खाली की धडधाकट माणूससुद्धा दांडा धरून उतरतो. शकूताईच्या कुबड्या आधी खाली टाकल्या, आणि मग वनीनं आणि एका मासळीवालीनं तिला दोन्ही काखांत धरून पोत्यासारखं खाली घेतलं. मासळीवाली म्हणाली, "गो बाय, एवढं काय अडलंय तुजं निडीला?" शकूताई म्हणाली, "फोन पोचवायचाय." हे मला वनीनं सांगितलं. शकूताई असलं स्वतः सांगत नाही.

हरीच्या अंगणात बायका जमलेल्या, घुगऱ्या शिजलेल्या, पाळणा बांधलेला. हरी दारात आडवा उभा. वनीला बघून त्याचं तोंड फिरलं. मग कुबड्यांकडे बघितलं.

"तुम्ही कोण?"

"मी त्याचा फोन."

"काय?"

"दाजींचा फोन. तिकडचा बंद पडलाय, म्हणून हा चालत आलाय. सरका जरा, बसू द्या. याचे सेल संपत आलेत."

बायका हसल्या. हरी हसला नाही. म्हणाला, "फोनवर बाई बोलते. मी माझ्या कानानं ऐकलंय."

"बाई बोलते ना? मग चला, तिच्याशीच बोलू. तुम्ही लावा, तुमच्याच हातानं, तुमच्याच रोह्याच्या बूथवरून. खोटं निघालं तर मीच महेशच्या आईच्या दारावरचा नंबर पुसते." मग आत बघून मोठ्यांदा म्हणाली, "सुनंदा, पाठीला उशी घे गो! त्यानं सांगितलंय. आम्ही येईपर्यंत पाळण्याला हात लावू देऊ नको कोणाला." वनी सांगते, एक बाई उठली आणि उशी घेऊन आत गेली.

सहा आसनी रिक्षानं ते रोह्याला गेले. बूथमध्ये दोघं मावेनात, कुबड्या बाहेर वनीकडे दिल्या. हरीनं नंबर फिरवला. शकूताईनं रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला. बाईनं उचलला.

"कौन है जी तुम?" बाई हैदराबादेकडची, आणि आमच्यापेक्षा जास्त तापलेली. "तीन हफ्ते से घंटी मारके काट रे, घंटी मारके काट रे! मेरा मरद पूछ रा कौन है ये इंडियावाला! मेरा घर तोड़ते क्या तुम?"

शकूताईनं विचारलं, "बहनजी, ये नंबर आपके पास कब से है?"

"नया लिया जी, एक महीना भी नै हुआ! मरद ने लाके दिया, अब उसी को शक आ रा! परसों फिर किसी ने काटा!"

परवा कापणारा मी. एक घंटी म्हणजे सगळं ठीक, ही आमची रीत त्या बिचारीच्या घरात आग लावत होती. तिचा नवरा तिथंच असावा, कारण ती मागे वळून म्हणाली, "सुनो, सुनो, औरत है, औरत बात कर री!" शकूताईनं तिच्या नवऱ्याला फोनवर घेतलं आणि त्यालाही सगळी हकीकत सांगितली. म्हणजे एका फोनमध्ये तिनं दोन संसार सावरले, एक निडीचा आणि एक कुठलातरी. हरी भिंतीकडे बघत उभा होता. फोन ठेवायच्या आधी त्यानं रिसीव्हर हातात घेतला आणि म्हणाला, "सॉरी, भाभी."

संध्याकाळी पाळी संपल्यावर मी धावत बाजारात गेलो. बूथ लागला. मी "ताई" म्हटलं, आणि शकूताई म्हणाली, "थांब, एका गिऱ्हाइकाचं बिल करते." मी थांबलो. माझं आयुष्य तिकडे टेबलावर पडलंय आणि ती बिल करते आहे! मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. मग ती आली. "मानसी ठेवलंय. सुनंदाच्या मनातलं. वनीनं ठेवलं. पाठ सुजलीय तिची, एवढं मारलं बायकांनी. हरी म्हणतोय, दाजींना सांगा, मी चुकलो."

बहुतेक मी नाक ओढलं असावं, कारण ती म्हणाली, "रडायचं तर ठेव फोन आणि रड. मीटर कशाला पळवतोस?"

तो फॉर्म मी नंतर वाचायला शिकलो. अक्षरशः. बारावीवाल्यांपैकी एकाला धरलं, रोज पाळीनंतर अर्धा तास. आता मी कुठलाही फॉर्म वाचतो, मागच्या बारीक अक्षरांसकट, आणि खोलीत कोणी नवीन आला की त्याचा कागद मागून घेतो. त्याला लाज वाटायच्या आत. पण म्हणून राग गेला असं नाही. लोक सांगतात, झालं गेलं विसर, शेवट गोड झाला ना? शेवट गोड झाला तो एका बाईनं कुबड्या गाडीतून खाली टाकल्या म्हणून. तिला त्या दिवशी ताप असता तर? बूथ सोडवला नसता तर? ज्यांनी माझा नंबर दुसऱ्याला दिला त्यांना आजही माहीत नाही की त्यांनी काय केलं. माहीत असावं, म्हणून हे लिहिलं.

आणि आता सगळ्यांच्याच खिशात मोबाइल आले. निडीला रेंज आहे, आमच्या गावात रेंज आहे, मिठागरात फावडं टेकून माणसं बोलतात. शकूताईचा बूथ ओस पडला. मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती आत बसून पोह्याचे पापड विकत होती. गप्पा मारता मारता मी विचारलं, "ताई, तुम्हाला काय हवं ते सांगा एकदा. खरंच सांगा." ती हसण्यावारी नेत म्हणाली, "मला काय हवं रे? सगळ्यांना लांब लांब जोडून दिलं. दुबई काय, कुवेत काय. मी स्वतः बूथ बंद करून गेले ती एकदाच, ती पण निडीला. त्याच्या पुढं गाडी कुठं जाते तेसुद्धा पाहिलं नाही." आणि लगेच पापड मोजायला लागली, जसं काही बोललीच नाही.

पण मी ऐकलं आहे. ताई, हे तुम्ही वाचाल तेव्हा वाचाल, फोनवर सांगण्यासारखं नाही. मी कायमचा परत येईन, त्याला आता फार वर्षं लावणार नाही. आलो की तुम्हाला पेणहून गाडीत बसवीन. निडी येईल, आपण उतरायचं नाही. रोहा येईल, पुढच्या गाडीत बसायचं. माणगाव, खेड, चिपळूण, जिथवर रूळ आहेत तिथवर. खिडकी तुमची. ज्या स्टेशनाचं नाव तुम्हाला आवडेल तिथं आपण उतरू, आणि उतरवायला मी असेन, दोन्ही हातांनी, सावकाश, गाडीला थांबायला लावून.